प्रयोगशाळेतील शेवटचा अर्धा तास



सेंद्रिय रसायनाच्या प्रॅक्टिकलमध्ये अभिक्रिया बहुधा होतेच. माल हातचा जातो तो त्यानंतरच्या अर्ध्या तासात. ॲसिटानिलाइडचेच उदाहरण घ्या. १८८६ साली ‘ॲन्टिफेब्रिन’ या नावाने तापावरचे औषध म्हणून ते पुढे आले, आणि विषारी ठरल्याने पुढे मागे पडले. आज ते आपल्याला भेटते ते प्रॅक्टिकलमध्ये.

ॲनिलीनचा रेणुभार ९३, ॲसिटानिलाइडचा १३५. म्हणजे ४.६५ ग्रॅम ॲनिलीनपासून फार तर ६.७५ ग्रॅम माल मिळेल. हा आकडा प्रयोगापूर्वीच वहीत मांडून ठेवा. मग तराजूवर ७.५ ग्रॅम भरले, तर आनंद होण्याऐवजी स्फटिक ओले आहेत हे लगेच ध्यानात येईल.

खरे नुकसान होते ते स्फटिकीकरणात. उकळत्या १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ५ ग्रॅम ॲसिटानिलाइड विरघळते. थंड झाल्यावरही अर्धा ग्रॅम पाण्यातच राहते. घाबरून कोणी ३०० मिलिलिटर पाणी ओतले, तर दीड ग्रॅम माल मोरीत गेला म्हणून समजा! उकळते पाणी थोडे थोडेच घाला. तळाशी तेलकट थेंब दिसला तर तो मळ समजू नका. ते वितळलेले ॲसिटानिलाइड असते, त्याला आणखी थोडे उकळते पाणी हवे असते. रंग घालविण्यासाठी कोळशाची पूड टाकायची, तर द्रावण आचेवरून उतरवून जरा निवू द्या. उकळत्या द्रावणात पूड पडली की ते उसळून हातावर येते. गाळताना फनेल गरम हवे, नाहीतर स्फटिक कागदावरच बसतात. नंतर भांडे स्वस्थ ठेवा. नळाखाली धरून घाईने थंड केले, तर बारीक चुरा पडतो व मळ त्यातच अडकतो.

द्रवणांक ११४ अंशांच्या आसपास यावयास हवा. १०० अंशांपर्यंत लवकर तापवा, पुढे मात्र मिनिटाला एक-दोन अंशांहून अधिक नको. माल १०६ ला वितळू लागून ११२ ला संपला, तर तो ओला तरी आहे किंवा अशुद्ध तरी.

अशा वेळी पुस्तकातला ११४ जर्नलमध्ये लिहून मोकळे होणारे पुष्कळ. परीक्षकाला पुडीतला माल तपासता येतो, हे ते विसरतात. उद्या औषधाच्या कारखान्यात नोकरीला लागाल, तेव्हा अशाच आकड्यांवर सबंध बॅच पुढे जायची की अडवायची हे ठरेल. १०६ आला तर १०६ लिहा, शेजारी कारण लिहा, आणि वेळ असेल तर माल वाळवून द्रवणांक पुन्हा घ्या.