कुंडीतील सीतेची वेणी आणि तिची मुळे
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत. म्हणून जे स्वतःच्या हाताने केले आणि चुकले, तेवढेच सांगते.

माझे माहेर रायगड जिल्ह्यातले. आमच्या परसातल्या आंब्यावर सीतेची वेणी होती. पुस्तकात तिला आमरी म्हणतात, दुकानात ऑर्किड. वैशाख-ज्येष्ठात पांढऱ्या फुलांचे, जांभळे ठिपके असलेले घोस लोंबत. आई दरवर्षी पहिला घोस देवीला वाही. आई २०१९ साली गेली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तो आंबाही पडला. भावाने वेणी फांदीच्या सालीसकट सोडवून पडवीत टांगून ठेवली. दिवाळीत मी ती ठाण्याला आणली. आईची तेवढीच खूण उरली होती.

आणली, आणि तुळशीला लावावी तशी मातीच्या कुंडीत लावली. वर शेणखत घातले. रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. दोन महिन्यांत पाने सुरकुतली. मला वाटले, तहान लागली. मी आणखी पाणी घातले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, आंब्यावर हिला रोज पाणी घालायला कोण चढत होतं?"

मी कुंडी उपडी केली. नऊ मुळांपैकी सात कुजलेली, तपकिरी. चिमटीत धरताच वरचे साल निघून येई आणि आत नुसता दोरा राही. मुळेच मेल्यावर पाणी पिणार कोण? म्हणून पाने सुकत होती. मला त्या रात्री जेवण गेले नाही.

भगिनींनो, ही वेणी बांडगूळ नव्हे. ती झाडाचा रस पीत नाही, नुसती आधाराला बसते. तिच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. पावसाचे पाणी ते झटकन शोषते, आणि मग वाऱ्याने सुकते. ओले असताना मूळ हिरवे दिसते, सुकले की पांढरे. तिच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीत ती गुदमरतात.

मग मी असे केले. कात्री विस्तवावर तापवून, निववून, कुजलेली मुळे कापली. कापल्या जागी दालचिनीची पूड लावली. चांगल्या मुळांना ती लावू नये, ती त्यांना सुकवते. कुंभाराकडून कडेला भोके असलेली कुंडी आणली. तीत लाकडी कोळशाचे आणि विटेचे मोठे तुकडे भरले. नारळाचे थोडे सोडण आठवडाभर भिजवून, रोज पाणी बदलून, मग घातले. माती चिमूटभरही नाही. रोप काठीला सुतळीने घट्ट बांधले. ते हलत राहिले, की कोवळ्या मुळांची टोके घासून मोडतात.

आता पाणी कसे? सकाळीच घालावे. मुळे पांढरी दिसली तर भरपूर, हिरवी दिसली तर थांबावे. तळाशी ताटली ठेवू नये. पावसात भिजत असेल तर वरून एक थेंबही नको. खत पुडीवर लिहिलेल्याच्या पाव हिश्श्याने, पंधरा दिवसांतून एकदा, तेही आधी साधे पाणी घालून. जास्त खताचा क्षार मुळांची टोके जाळतो. कुंडीबाहेर मुळे आली तर कापू नयेत, आत कोंबूही नयेत. सोडण कुजून भुगा झाले की बदलावे. मात्र नवी मुळे फुटू लागतील तेव्हा, म्हणजे ती नव्या जागी लगेच धरतात.

चार महिने काहीच दिसले नाही. मी रोज पाहायची, सासूबाई म्हणायच्या, "नजर लावू नकोस." मग २०२१ च्या ज्येष्ठात पहिल्या सरीनंतर बुंध्याशी हिरवे, ओलसर टोक दिसले. तांदळाच्या दाण्याएवढे. आठवड्यात आणखी दोन. फुले यायला मात्र २०२३ उजाडले. पहिला घोस मी देवीला वाहिला.

एक विनंती. हौसेपायी सह्याद्रीतल्या झाडांवरून ही रोपे ओरबाडून आणू नका, बाजारात विकायला आली तरी घेऊ नका. झाड वादळात पडले तरच वाचवा. एरवी रोपवाटिकेत वाढवलेली घ्या. त्यांनाही हवा अशीच लागते.

माझ्या वेणीच्या बुंध्याशी आता एक पिलू फुटले आहे. त्याला स्वतःची तीन-चार मुळे आली, की ते आपल्या मंडळाच्या अंगणासाठी देईन. पाणी कोणी घालायचे, ते आधी ठरवा. नाहीतर प्रेमाने सगळ्याच घालाल!