विद्यार्थ्याचें पहिलें वाद्य

मुलाला गाणें शिकवावयाचें ठरलें, कीं मुंबईच्या मराठी घरांत पहिला प्रश्न उभा राहतो तो वाद्याचा. पेटी घ्यावी कीं तंबोरा? प्रश्न वरवर पाहतां खर्चाचा व जागेचा वाटतो. वस्तुतः तो कानाचा आहे. वाद्यांचीं कुळें व स्वरांची मांडणी समजल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

भरताच्या नाट्यशास्त्रानें वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. तारेचीं तीं तत, कातड्यानें मढविलेलीं तीं अवनद्ध, टणक पदार्थांच्या आघातानें वाजणारीं तीं घन आणि वाऱ्यानें वाजणारीं तीं सुषिर. लालबाग-परळच्या एखाद्या शाहिराचा ताफा डोळ्यांपुढें आणावा: त्यांतलें तुणतुणें तत, डफ व ढोलकी अवनद्ध, झांज घन. लग्नमंडपांतली सनई सुषिर. ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहासाठीं व्हिक्टर माहियों यांनीं १८८० सालीं अशाच चार वर्गांत वाद्यें लाविलीं, आणि १९१४ सालीं होर्नबोस्टेल व साक्स यांनीं त्याच पायावर आपली पद्धति उभारली. ती आज जगभर चालते.

पेटीचें कूळ कोणतें? तिच्यांत भात्याच्या वाऱ्यानें पितळेची पाती कांपते. म्हणून ती सुषिर. १८४२ सालीं पॅरिसमध्यें देबें यांनीं हार्मोनियम या नांवानें जें वाद्य नोंदविलें, त्याचेंच हें हातानें भाता ओढावयाचें रूप होय.

आतां स्वर पाहूं. सप्तकांत सात शुद्ध स्वर. त्यांपैकीं षड्ज व पंचम अचल. रिषभ, गंधार, धैवत व निषाद कोमल होतात आणि मध्यम तीव्र होतो. एकूण बारा. वाळकेश्वर येथें १८६० सालीं जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं या बारा स्वरांतून दहा थाट योजून रागांची व्यवस्था लाविली. पेटीच्या सप्तकांतही काळ्या-पांढऱ्या मिळून पट्ट्या बाराच. मग अडचण कोठें आहे?

अडचण स्वरांच्या अंतरांत आहे. षड्जाचीं सेकंदाला २४० आंदोलनें धरलीं, तर त्याच्याशीं मिळणाऱ्या पंचमाचीं ३६० व शुद्ध गंधाराचीं ३०० होतात. कोणत्याही पट्टीस षड्ज मानतां यावें, म्हणून पेटींत सामान्यतः सप्तकाचे बारा समान भाग करतात. त्यामुळें पंचम ३५९·६ वर येतो, हा फरक नगण्य. पण गंधार ३०२·४ वर चढतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेंतून गंधार आपोआप उमटतो. त्यासमवेत पेटीचा गंधार धरला, तर दोन्ही एकजीव होत नाहींत, नाद थरथरतो. शिवाय पट्टीवरून पट्टीवर जातांना मींड निघत नाहीं, ती निराळीच उणीव. अशाच आक्षेपांमुळें ऑल इंडिया रेडिओनें १ मार्च १९४० पासून पेटी वर्ज्य केली. ती बंदी १९७१ सालीं सैल झाली.

परंतु पेटीची बाजूही ऐकली पाहिजे. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकानें तिच्यांतून किती भाव काढतां येतो, हें दाखवून दिलें. चाळींतल्या भजनांत पखवाज व टाळ यांच्या कल्लोळांत तंबोरा ऐकूं येणार नाहीं. तेथें पेटीच हवी. आणि नवशिक्याला तंबोरा जुळवितां येत नाहीं, हेंही खरें. मात्र जुळविण्याची ती खटपट हाच कानाचा पहिला धडा आहे.

म्हणून विद्यार्थ्यानें प्रथम तंबोऱ्यावर, तो नसल्यास विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्यावर, षड्ज लावावा. मग पंचम, मग गंधार. स्वराची जागा सांपडेना, तर पेटीवर एकदां पाहून घ्यावी आणि लागलीच पेटी थांबवावी. पुढें भूपाळी व देशकार हे राग ऐकावे. दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पांच स्वर. पण भूपाळीचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. पेटीच्या पट्ट्या दोहोंसाठीं त्याच राहतात. कोणत्या स्वरावर थांबावें, हें कानालाच शिकावें लागतें. तो कान तयार झाल्यावर घरांत पेटी खुशाल यावी. ती साथ करील, गळ्याला ओढून नेणार नाहीं.