हसविणाऱ्याचा पेशा
(उमरेड येथील वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मंडळाच्या पारितोषिकांची यादी आम्ही दरवर्षी आपणांस वाचून दाखवितो. तीत गणितात पहिला आलेला असतो, संस्कृतात आलेला असतो. लोकांस हसविणारा मुलगा मात्र नसतो. असा मुलगा घरात निघाला म्हणजे वडीलमंडळी चिंतातुर होतात. त्यांच्याचसाठी आज पु. ल. देशपांडे यांच्याविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

पु. ल. यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईस झाला. कायद्याची पदवी घेऊनही ते वकिलीत रमले नाहीत. काही काळ त्यांनी शाळेत व महाविद्यालयात शिकविले. आम्हा मास्तरांस ही गोष्ट सांगताना अंमळ अभिमान वाटतो. १९५३ साली ‘गुळाचा गणपती’ हा चित्रपट त्यांनी लिहिला, दिग्दर्शित केला, त्यास संगीत दिले आणि त्यात भूमिकाही केली. पुढे ते आकाशवाणीत गेले. बी. बी. सी. त दूरचित्रवाणीचे शिक्षण घेतले. दिल्लीस १९५९ साली दूरचित्रवाणी सुरू झाली, तिच्या आरंभकाळात पंडित नेहरूंची मुलाखत घेणारे हेच. १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’ ते एकट्याने रंगभूमीवर उभी करीत. एक माणूस आणि सबंध चाळ! त्यामागे लिहिण्याचे व घोटण्याचे केवढे श्रम असतात, हे हसणाऱ्यास कळत नाही, व कळूही नये. त्या विनोदाच्या मिळकतीतून सत्कार्यांस साहाय्य झाले; पुण्याचे ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली उभे राहिले, त्यातही त्यांचा हात होता.

आम्हा नागपूरकरांचीही त्यांनी यथेच्छ थट्टा केली आहे. ती ऐकून सर्वांत मोठ्याने हसतो तो नागपूरकरच! त्यांच्या चितळे मास्तरांस आपण हसतो, आणि हसता हसता आपलेच मास्तर आठवून डोळे ओलावतात. नकलेत माया असली म्हणजे असे होते.

हे आम्हांस फार उशिरा उमगले. नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत एक विद्यार्थी मधल्या सुटीत आमची नक्कल करीत असे. खडू बोटांत फिरविणे, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणे, सारे हुबेहूब. वर्ग हसत होता. आम्ही दारात उभे होतो. आम्ही त्यास छड्या मारल्या आणि वडिलांस बोलावून ‘हा वाया जाणार’ असे सांगितले. खरे सांगावयाचे तर त्यात उपहास मुळीच नव्हता. आमचा अहंकार तेवढा दुखावला होता.

तो आज भिवापूर रस्त्याला मिरचीचा व्यापार करतो. संसार उत्तम आहे. गेल्या दिवाळीत आम्ही त्यास म्हणालो, “बाबा, संमेलनात आमची ती नक्कल करून दाखव. पारितोषिक आमच्या पदरचे.”

तो पाया पडला व म्हणाला, “आता नाही जमत, सर.”

ते पारितोषिक आम्ही मंडळाकडे जमा केले आहे. यंदा नक्कल करणाऱ्या मुलामुलींनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत. नक्कल कोणाचीही चालेल. आमची केल्यास विशेष आनंद होईल.