मेघगर्जना नावाची नौका



आज आम्ही तुम्हांला एका जहाजाची हकीकत सांगणार आहोत. ही मनाने रचलेली कहाणी नव्हे, खरोखर घडलेली गोष्ट आहे. तुमच्यापैकी काहींनी समुद्र पाहिला असेल, काहींनी नसेल. त्याची काही अडचण नाही. गोष्ट समुद्रातली असली, तरी ती माणसांची आहे.

जपान हा देश बेटांचा आहे. चारी बाजूंनी पाणी. म्हणून त्या देशाने मोठे आरमार उभारले होते. त्या आरमारात एक लढाऊ नौका होती. तिचे नाव इकाझुची. जपानी भाषेत इकाझुची म्हणजे मेघगर्जना. पावसाळ्यात आभाळ गडगडते ना, तीच. तिच्या जोडीला आणखी तीन नौका होत्या. अकात्सुकी म्हणजे पहाट, हिबिकी म्हणजे पडसाद आणि इनाझुमा म्हणजे वीज. या चौघी बहिणीच म्हणा ना!

अशा नौकेला विनाशिका म्हणतात. ती मोठ्या युद्धनौकेपेक्षा लहान असते, पण फार चपळ असते. शत्रूच्या जहाजांवर धावून जायचे, आपल्या मालवाहू जहाजांची राखण करायची आणि पाण्याखालून येणाऱ्या पाणबुडीला हुडकून काढायचे, ही तिची कामे.

इकाझुची १९३२ साली बांधून पुरी झाली. तिची लांबी सुमारे ३९० फूट होती. अठरा-वीस बैलगाड्या बैलांसकट एकामागे एक उभ्या केल्या, तर जेवढी रांग होईल तेवढी. तिच्यावर सहा तोफा होत्या. पाणतीर सोडण्याच्या नऊ नळ्या होत्या. पाणतीर म्हणजे पाण्यातून धावत जाऊन जहाजावर आदळणारा आणि फुटणारा दारूगोळा. या नौकेचा वेग तासाला ७० किलोमीटर. आपली एस.टी. चांगल्या सडकेवर धावते, तशी ही पाण्यावर धावायची. तिच्यावर सव्वादोनशेच्या आसपास माणसे होती.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने इंग्लंड आणि अमेरिका यांच्याविरुद्ध युद्ध सुरू केले. प्रथम इकाझुची हाँगकाँगच्या मोहिमेवर गेली. हाँगकाँग तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होते. त्याच्या बचावाला आपल्याकडील राजपूत आणि पंजाबी पलटणीही लढत होत्या. तिथून ही नौका दक्षिणेला, जावा बेटाकडच्या समुद्रात गेली. आता आमच्या गोष्टीचा मुख्य भाग येतो, तो नीट ऐका.

१ मार्च १९४२ चा दिवस. इंग्रजांची एक्झिटर ही मोठी युद्धनौका जखमी झालेली होती. तिच्याबरोबर इंग्रजांची एन्काउंटर आणि अमेरिकेची पोप अशा दोन विनाशिका होत्या. तिघी मिळून निसटून जायच्या बेतात होत्या. पण जपानी जहाजांनी त्यांना गाठले. तिन्ही नौका त्याच दिवशी बुडाल्या.

नौका बुडाल्या, पण त्यांवरची शेकडो माणसे पाण्यावर तरंगत राहिली. फुटलेल्या जहाजांतले काळे तेल समुद्रावर पसरले होते. ते अंगाला चिकटले, डोळ्यांत गेले. कित्येकांना काही दिसेना. वर ऊन, खाली खारे पाणी. चहूकडे पाणीच पाणी, पण प्यायला घोटभर नाही. अशी जवळजवळ एक दिवस ती माणसे तरंगत होती.

२ मार्चला इकाझुची तिकडून चालली होती. तिचा कप्तान होता शुन्साकु कुडो. वय चाळीसच्या आसपास. अंगाने चांगला उंच आणि धिप्पाड. त्याचे सोबती त्याला कौतुकाने 'थोरला बुद्ध' म्हणत. तो हाताखालच्या माणसांवर हात उगारू देत नसे, असे सांगतात. त्या आरमारात शिपायांना मारझोड करणे ही रोजची गोष्ट होती, हे ध्यानात घ्या.

कुडोला पाण्यात माणसे दिसली. ती शत्रूची माणसे होती. कालपर्यंत ती त्याच्या देशाच्या जहाजांवर तोफा डागत होती. आता काय करावे?

मंडळी, थांबलेले जहाज म्हणजे बसलेले पाखरू. त्या समुद्रात शत्रूच्या पाणबुड्या हिंडत होत्या. एक पाणतीर आला असता, तर इकाझुची आणि तिच्यावरची सगळी माणसे तळाला गेली असती. शिवाय वाचवलेले लोक आपल्या माणसांपेक्षा जास्त झाले आणि त्यांनी उलटून जहाजच ताब्यात घेतले, तर? असे भय वाटणे काही चूक नव्हते.

तरी कुडोने हुकूम दिला, जहाज थांबवा, माणसे वर घ्या.

पाण्यातल्या लोकांना हे ठाऊक नव्हते. त्यांत सॅम फॉल नावाचा एक तरुण इंग्रज अधिकारी होता. जपानी जहाज जवळ येताना पाहून त्याला वाटले, आता गोळ्या घालून मारणार. पण वरून दोर आणि शिड्या खाली आल्या. ज्यांच्या हातांत दोर धरण्याचेही बळ उरले नव्हते, त्यांच्यासाठी जपानी खलाशी स्वतः पाण्यात उतरले.

वर आल्यावर त्यांच्या अंगावरचे तेल पुसले. त्यांना पाणी दिले, दूध आणि बिस्किटे दिली, घालायला कपडे दिले. डेकवर सावली करून दिली. मग कुडोने त्यांना सलाम केला आणि इंग्रजीत चार शब्द बोलला. तुम्ही शौर्याने लढलात, आज तुम्ही आमच्या आरमाराचे पाहुणे आहात, असा त्याचा भावार्थ होता.

त्या दिवशी चारशेहून जास्त माणसे वाचली. म्हणजे जहाजावरच्या खलाशांच्या जवळजवळ दुप्पट! दुसऱ्या दिवशी बोर्निओ बेटाजवळ जपान्यांनी पकडलेल्या एका डच इस्पितळ-जहाजावर त्यांना पोचवले.

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही. पुढे ही माणसे जपानच्या कैदेत पडली. साडेतीन वर्षे त्यांनी हाल सोसले. उपासमार, आजार आणि मारहाण यांनी कित्येक मेले. जपानी सैन्याने त्या युद्धात कैद्यांवर फार जुलूम केले. म्हणून कुडोचे काम आणखीच उठून दिसते. आसपास अंधार असला म्हणजे पणती दुरून दिसते, तसे.

पुढे इकाझुची उत्तरेच्या थंड समुद्रात गेली, मग ग्वाडलकनाल बेटाच्या लढाईत गेली. नोव्हेंबर १९४२ मध्ये तिथे रात्रीच्या अंधारात मोठी लढाई झाली. त्यात तिची बहीण अकात्सुकी बुडाली. इकाझुचीही जखमी झाली, पण दुरुस्त होऊन पुन्हा कामाला लागली. कुडोची त्याआधीच, ऑगस्टमध्ये, हिबिकीवर बदली झाली होती.

१३ एप्रिल १९४४ रोजी इकाझुची एका मालवाहू जहाजाची राखण करीत ग्वाम बेटाच्या दक्षिणेला होती. तिथे अमेरिकेची हार्डर नावाची पाणबुडी होती. इकाझुची तिच्यावर चालून गेली. पाणबुडी पळाली नाही. विनाशिकेला तिने सुमारे ८०० मीटरपर्यंत जवळ येऊ दिले आणि मग पाणतीर सोडले. पाच मिनिटांच्या आत इकाझुची बुडाली. तिच्यावरचा एकही माणूस वाचला नाही.

ज्या नौकेने शत्रूची चारशे माणसे पाण्यातून काढली, तिची स्वतःची माणसे काढायला कोणी उरले नाही. आणि ऐका, त्या हार्डर पाणबुडीचे तरी काय झाले? चारच महिन्यांनी, २४ ऑगस्ट १९४४ ला, जपानी जहाजांनी तिला बुडवले. तिच्यावरचे सगळे ७९ जण गेले. युद्ध असे असते, मंडळी. आज मारणारा उद्या मरतो. दोन्हीकडच्या घरी आई, बायको आणि पोरे वाट पाहत राहतात.

चार बहिणींपैकी एकटी हिबिकी युद्धातून वाचली.

कुडोही वाचला. तो घरी आला, साधेपणाने राहिला आणि १९७९ साली वारला. आपण शेकडो माणसे वाचवली, हे त्याने घरच्यांनाही सांगितले नाही. केलेले पुण्य बोलून दाखवू नये, असे आपले जुने लोक म्हणतात, त्यातलाच तो माणूस.

मग ही गोष्ट बाहेर आली कशी? वाचलेल्यानेच ती सांगितली. सॅम फॉल कैदेतून जिवंत सुटला, पुढे इंग्लंडचा राजदूत झाला. त्याने आपल्या आठवणी लिहिल्या. म्हातारपणी तो कुडोचा शोध घेत जपानला गेला. तोवर कुडो हयात नव्हता. शेवटी २००८ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, तो कुडोच्या थडग्यापाशी गेला आणि त्याने आभार मानले. साठाहून जास्त वर्षे त्याने ते उपकार मनात जपले होते.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, वैऱ्याला वाचवायचे कशाला? आम्ही एवढेच म्हणतो, की लढाईच्या वेळी कुडो लढत होता. त्याने आपले काम सोडले नव्हते. पण समोरचा माणूस पाण्यात हात मारू लागला, तेव्हा त्याने त्याला वैरी मानले नाही, बुडणारा माणूस मानले.

आपल्याकडेही बांधावरून, पाण्याच्या पाटावरून भांडणे होतात. भाऊ भावाशी बोलेनासा होतो. कोर्टकचेरी चालते. ते चालायचेच. पण शेजाऱ्याच्या गंजीला आग लागली, त्याचे लेकरू विहिरीत पडले, तर त्या वेळी बांध आठवायचा की लेकरू?

आज हा धडा घरी न्या. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा. आणि मग त्यांनाच विचारा, कुडोच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? उत्तर काय येते, ते पुढच्या वेळी आम्हांला सांगा.

राम राम.