सुट्टीत नेवासे आणि वेरूळ

उन्हाळी सुट्टीत मुलाबाळांसह गाडीने पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला निघालात, तर वाटेत नेवाशाला थांबाच. प्रवरेकाठच्या या गावात शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानदेव बसत असे मानतात, तो पैस खांब आजही मंदिरात उभा आहे. त्यावर जुना लेख कोरलेला आहे. मुलांना तो जवळून दाखवा.

पुढे वेरूळ. बौद्ध, हिंदू, जैन अशी चौतीस लेणी एकाच डोंगरात! त्यातलं कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांचं. एकाच कातळात, वरून खाली कोरलेलं. जवळच घृष्णेश्वराचं दर्शन होतं.

लेणी मंगळवारी बंद असतात. ऊन चढायच्या आत पोहोचा आणि पाणी सोबत ठेवा.