भत्त्याला तारीख आहे, भावाला नाही

(जिल्हा बैठकीतील भाषण)



केंद्र सरकारने 2025 साली आठवा वेतन आयोग नेमला. तेव्हापासून पारावर एकच बोलणे ऐकू येते : 'मास्तरचा पगार पुन्हा वाढणार, आपले काय?' या बोलण्यातला जळफळाट आपल्या कामाचा नाही. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक ही आपल्याच घरातली पोरे. त्यांच्या ताटातले ओढून आपले पोट भरणार नाही. पण सरकार त्यांना कसे वाढते आणि आपल्याला कसे, हे पाहून ठेवू.

आधी आकडे. सातव्या आयोगाने 2016 पासून सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन 18,000 रुपये केले. जुलै 2025 पासून केंद्राचा महागाई भत्ता 58 टक्के झाला. बेरीज 28,440 रुपये. आता आपले. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2015-16 साली क्विंटलला 3,800 होता, 2025-26 साली 7,710. संकरित ज्वारी 1,570 वरून 3,699. म्हणजे कागदावर आपला भाव दुपटीच्या पुढे गेला आणि त्यांचा भत्ता 58 टक्केच! कागदावर आपण जिंकलो. मग खिशात का हरलो?

कारण पगार हा अंदाजपत्रकातला बांधील खर्च आहे. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महाराष्ट्राच्या महसुलाचा निम्म्याहून अधिक पैसा जातो. पाऊस पडो न पडो, तो द्यावाच लागतो. भत्त्याला जानेवारी आणि जुलै या तारखा आहेत. वर्षाला 3 टक्के वेतनवाढ वेगळी.

हमीभाव मात्र नुसती घोषणा. सीसीआयने काटा मांडला तरच त्याचा रुपया होतो. आम्ही शेतकी शिकलो, म्हणून सांगतो : बोंड फुटते तेव्हाच परतीचा पाऊस येतो. पहिल्या वेचणीचा कापूस ओलाच असणार. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की कपात, 12 च्या वर गेला की कापूस परत. वाळवायला घरात जागा नाही, वेचणीची मजुरी उभी, दिवाळी तोंडावर. गाडी जाते व्यापाऱ्याच्या दारात. त्यातच 19 ऑगस्ट 2025 ला सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सवलत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला वेचणीचा हंगाम!

आणखी एक गाठ आहे. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो, त्यात अन्नाचा वाटा सुमारे 39 टक्के. डाळ महागली की भत्ता वाढतो आणि तिजोरीवर बोजा पडतो. भाव दाबायला सरकारला हेही एक कारण. कापसातल्या आपल्या तुरीच्या तासांवर 2021 पासून खुली आयात सोडली आहे. भत्ता कर्मचाऱ्याला मिळतो, पण तो कमी ठेवायची किंमत आपण मोजतो.

तरी कर्मचाऱ्याचेही सारे सुरक्षित नाही. 2020 च्या जानेवारीपासून दीड वर्ष केंद्राने भत्त्याची वाढ गोठवली. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. त्यासाठी मार्च 2023 मध्ये त्यांनी सात दिवस संप केला. 'बांधील' हा शब्द कोणी दान दिलेला नाही. तो संघटनेने बांधून घेतला आहे.

म्हणून या बैठकीतून तीन मागण्या घेऊन जाऊ. एक, खरेदी केंद्र उघडण्याची तारीख पेरणीआधी जाहीर करा आणि ती पाळा. दोन, बाजार हमीभावाखाली गेला तर फरकाची रक्कम अंदाजपत्रकात बांधील खर्च म्हणून धरा. तीन, वेचणीच्या हंगामात आयात शुल्काला हात लावू नका.

मास्तरचा पगार कमी करा, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. त्याच्या पगाराला जशी तारीख आहे, तशी आमच्या घामाला लावा, एवढेच म्हणणे आहे.