आमची होडी आणि आमची कालवं

आज होडीविषयी बोलायचं आहे. होडी म्हणजे घरच्या पुरुषांचं काम, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आमचाही आधी हाच समज होता.

आमच्या गटाची एक लहान फायबरची होडी आहे, मागे इंजिन लावलेली. पर्यटकांना कांदळवन दाखवायला आम्ही ती चालवतो. त्याच खाडीत, जेटीपासून थोडं पुढे, गटातल्या निम्म्या बाया ओहोटीला तिसऱ्या आणि कालवं काढतात. गेल्या वर्षी एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने कालवं परत पाठवली. तेलाचा वास येतो म्हणाला. आम्ही लगेच मोठ्या होडीवाल्यांना बोल लावला, जेटीवर जाऊन भांडलोसुद्धा. शेवटी गटातल्या एका काकी म्हणाल्या, "अगो, परवा आपण होडी धुतली ती कशानं?"

धुतली होती कपड्याच्या पावडरीनं. तळात साचलेलं तेलकट पाणीही डब्याने उपसून खाडीतच टाकलं होतं. फेस वाहून गेला, पाण्यावरचा तवंग गेला, आणि होडी कशी लख्ख झाली म्हणून आम्ही फोटोही काढले! पण पावडरीनं तेल नाहीसं होत नाही. त्याचे बारीक थेंब होतात आणि ते पाण्यात मिसळतात. कालवं दिवसभर पाणी गाळूनच पोट भरतात, म्हणजे ते तेल जाणार कुठे? पंधरा दिवस आम्ही तिथे कालवं काढली नाहीत. त्या महिन्याचा गटाचा हप्ता दोघींनी उसने पैसे घेऊन भरला. ही चूक आमचीच होती, म्हणून आज ती सांगतो आहोत.

आता आम्ही होडीला पावडर लावतच नाही. दर आठवड्याला काथ्याचा ब्रश आणि साधं पाणी, एवढंच. शेवाळ कोवळं असताना हात फिरवला तर ते सहज निघतं, महिनाभर राहिलं की हट्टाला पेटतं. बुडाला चिकटणारे ते धारदार कवचाचे जीव, ज्यांनी पाय कापतात, त्यांचंही तसंच. ते बारीक असतानाच लाकडी उलथन्याने खरवडायचे. लोखंडी पाते नको, त्याने फायबरवरची गुळगुळीत साय निघते आणि मग घाण आणखी धरते.

खरवडण्यासाठी अमावास्या-पौर्णिमेचं उधाण बघून भरतीला होडी वर घ्यायची, पाणी पोचणार नाही अशा जागी, आणि खाली ताडपत्री अंथरायची. नुसतं शेवाळ निघालं तर चिंता नाही. पण रंगाचे पोपडे गोळा करायलाच हवेत. होडीच्या बुडाला लावायच्या बऱ्याच रंगांत तांबं असतं, कारण जीव चिकटू नयेत हाच त्या रंगाचा हेतू. जे होडीला चिकटणाऱ्याला मारतं, ते शेजारच्या कालवाला कसं सोडेल? पूर्वी अशा रंगांत कथिलाचं एक विषारी संयुग घालत. त्याने शिंपल्या-गोगलगायींची इतकी हानी झाली की 2008 पासून आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर बंदी आहे. आमच्या मते आपल्यासारख्या लहान, वरचेवर बाहेर काढायच्या होडीला असा रंग लागतच नाही. दुकानदार काहीही म्हणो.

रंग घासताना पाणी लावून घासा, तोंडाला मास्क बांधा, पोरांना लांब ठेवा. फायबरची धूळ अंगाला खाजते आणि छातीतही जाते.

तेलाचं काम जास्त किचकट. कांद्याच्या जाळीदार पिशवीत जुन्या सुती लुगड्याच्या कोरड्या चिंध्या भरून ती होडीच्या तळात मागच्या बाजूला ठेवतो. पाणी उपसण्याआधी वरचा तवंग कोरड्या चिंधीने टिपून घेतो. चिंधी आधीच भिजलेली असली तर तेल नीट धरत नाही. पेट्रोल ओतताना नरसाळं आणि खाली एक फडकं हवंच. इंजिनाचं जुनं ऑईल झाकणाच्या कॅनमध्ये साठवतो. ते कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, म्हणून अशा ऑईलची अधिकृत विल्हेवाट लावणाऱ्याकडे जाईल अशाच गॅरेजला द्यायचं, आणि तेलकट चिंध्या वेगळ्या डब्यात ठेवून त्याच वाटेने. त्या चिंध्या चुलीत घालू नका. आमच्यातल्या एकीने घातल्या, तर घरभर काळा धूर आणि सासूबाईंचा खोकला दोन दिवस.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर होड्या ओळीने वर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेआधी सगळ्यांची खरवडणं-रंगवणं एकदम निघतं, आणि सगळे पोपडे पावसाबरोबर खाडीत. यंदा त्याआधीच शेजारच्या दोन होडीवाल्यांनी आमच्याकडे ताडपत्री मागितली आहे. गेल्या वर्षी आम्ही ज्यांच्याशी भांडलो, त्यातलाच एक. ताडपत्रीचं भाडं घ्यायचं की नाही, यावर गटात अजून एकमत झालेलं नाही. काकी म्हणतात, भाडं नको, पोपडे मात्र मोजून परत घ्या.